फॅनफिक लिहिणाऱ्या बाया, मॉड करणारी पोरं आणि कंपन्यांची दोन मापं

गिरणाकाठ (जळगाव)

मालिकेतली तुटलेली जोडी आपल्या कथेत पुन्हा जुळवायची, कादंबरीत दोन ओळींत संपवलेल्या बाईला पूर्ण आयुष्य द्यायचं, हे फॅनफिकचं मुख्य काम. लिहिणाऱ्या बहुतेक बाया आणि मुली. २०१३ मध्ये एओथ्री (आर्काइव्ह ऑफ अवर ओन) या फॅनफिकच्या ऑनलाइन संग्रहाच्या वाचक-लेखकांची पाहणी झाली, तेव्हा दहा हजारांवर लोकांनी अर्ज भरले होते. त्यांत सुमारे ८० टक्के स्त्रिया आणि जेमतेम ४ टक्के पुरुष निघाले. अर्ज स्वखुशीने भरलेले होते म्हणून आकडा काटेकोर धरू नका, पण पारडं कुठे झुकतं ते कळतं.

धागा काढला तो एवढ्यासाठी की, कथांच्या ॲपकडून एखाद्या गटाला ‘आमच्याकडे या, स्पर्धेत उतरा’ असं निमंत्रण आलं तर नेमकं काय तपासायचं हे मराठीत एका जागी लिहिलेलं असावं. त्याआधी एक जुनं प्रकरण माहीत असलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच वळणाने जातं.

२००७ मध्ये अमेरिकेत फॅनलिब नावाची कंपनी आली. तीस लाख डॉलर भांडवल, चालवणारे जवळपास सगळे पुरुष, फॅनफिक लिहिणाऱ्या समाजाशी त्यांचा आधीचा संबंध नाही. लेखिकांना सांगितलं, तुमच्या कथांना मोठं व्यासपीठ देतो. चित्रपट आणि वाहिन्यांच्या मालकांना जे माहितीपत्रक दिलं त्यात मात्र आश्वासन असं होतं की, या लोकांवर पूर्ण देखरेख राहील आणि आखून दिलेल्या रेघांच्या आतच ते रंग भरतील. जाहिरातींचा पैसा कंपनीला, आणि हक्कभंगाचा दावा आला तर जबाबदारी लिहिणारीची. जाहिरातीत तर किरकोळ अंगाचा पुरुष आणि पिळदार अंगाचा पुरुष शेजारी-शेजारी उभे केले होते. जिथे लिहिणाऱ्या बाया, तिथे हे चित्र! आपलं गिऱ्हाईक कोण हे बघायची तसदीच त्यांनी घेतली नव्हती.

लेखिकांनी अटींतली कलमं एकेक काढून जाहीर चर्चेला मांडली. ऑगस्ट २००८ मध्ये फॅनलिब बंद झालं. त्याआधीच, मे २००७ मध्ये, कादंबरीकार नाओमी नोविक यांनी लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर सुचवलं होतं की आपला संग्रह आपल्याच मालकीचा हवा, जाहिराती नसलेला, आपल्याच सर्व्हरवर. त्यातून ना-नफा संस्था उभी राहिली, १४ नोव्हेंबर २००९ ला एओथ्री सर्वांसाठी खुलं झालं आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पोरांनी मूळ वस्तूला हात लावला, म्हणजे गेममध्ये आपले बदल घालून ‘मॉड’ केलं, की कंपनीला त्यात उद्याचा कामगार दिसतो. बायांनी लावला की फुकटचा कच्चा माल दिसतो, नाहीतर झाडून काढायचा कचरा.

पांझरा (धुळे)

पहिला भाग पटतो, पण पोरांचंही सगळं गोड नाही. चांगलं उदाहरण काउंटर-स्ट्राइकचं. हाफ-लाइफ या संगणक-गेमवरचं ते मॉड मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये केलं. २००० मध्ये हाफ-लाइफच्या व्हॉल्व्ह कंपनीने हक्क विकत घेतले, दोघांना नोकरी दिली आणि तो गेम दुकानात आणला. उलट बाजू बघा. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्हच्या दुकानात स्कायरिम या गेमची मॉडं विकायची सोय झाली, तेव्हा मॉड करणाऱ्याला २५ टक्के, व्हॉल्व्हला ३० आणि स्कायरिमच्या बेथेस्डा कंपनीला ४५. एवढा आरडाओरडा झाला की आठवड्याच्या आतच सोय मागे घ्यावी लागली.

दुसरं, स्टार ट्रेकवरचा ॲक्सानार हा चाहत्यांचा चित्रपट. लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले. डिसेंबर २०१५ मध्ये स्टार ट्रेकचे मालक पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी दावा लावला. जून २०१६ मध्ये नियमच आले: एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भाग, वर्गणीची मर्यादा ५० हजार डॉलर, व्यावसायिक कलाकार घ्यायचे नाहीत. म्हणजे पोरांवरही दंडुका पडतोच.

यात वस्तूचा स्वभावही धरला पाहिजे. मॉड चालवायला मूळ गेम विकत घ्यावाच लागतो. कथा वाचायला काही विकत घ्यावं लागत नाही. कंपनीचा हिशेब तिथून सुरू होतो.

गिरणाकाठ (जळगाव)

दादा, दंडुका दोघांवर पडतो हे मान्य. पण तो कशासाठी आणि कधी पडतो ते बघा. ॲक्सानारवर पडला तो दहा लाख डॉलर जमल्यावर. स्टार वॉर्सवर हस्तलिखितासारखी फॅनझीन, म्हणजे चाहत्यांची घरगुती मासिकं, काढणाऱ्या बाया छपाई आणि टपालापुरते पैसे घेत, तरी १९८१ मध्येच अधिकृत फॅन क्लबकडून त्यांना पत्रं गेली की प्रौढ मजकूर छापू नका. तिथे प्रश्न पैशाचा नव्हता, पात्रांचं खासगी आयुष्य कुणी लिहायचं याचा होता.

आणि अवजारांचं काय? स्कायरिम आल्यावर तीनच महिन्यांत बेथेस्डाने मॉड करायचं क्रिएशन किट फुकट दिलं. २००२ मध्ये स्टार वॉर्सच्या लुकासफिल्मने ॲटमफिल्म्स या लघुपटांच्या साइटबरोबर चाहत्यांच्या लघुपटांची स्पर्धा घेतली, तेव्हा तलवारींचे, यानांचे मूळ आवाजसुद्धा वापरायला दिले. पण नियमात काय होतं? विडंबन चालेल, माहितीपट चालेल. त्या विश्वातली कथा पुढे नेणारा, म्हणजे फॅनफिकच्या जातीचा चित्रपट चालणार नाही. ती अट २००७ मध्ये निघाली. विडंबनं करणारे बहुतेक पुरुष, भावनेच्या धाग्यादोऱ्यांची कथा करणाऱ्या बहुतेक बाया. नियमात ‘बाई’ हा शब्द कुठेही नाही, तरी कुणाला दार उघडं आणि कुणाला बंद ते ठरून गेलं. तुमचा मूळ गेम विकत घेण्याचा मुद्दा यातलं काहीच उलगडत नाही, कारण विडंबन बघायलाही काही विकत घ्यावं लागत नाही.

केळीचं पान (रावेर)

विडंबनाला मान असतो हे आपल्या उंबऱ्यावरच दिसतं. मालेगाव जिल्ह्याने नाशिकात, पण खानदेशाला परकं नाही. तिथे नासिर शेख आणि सोबत्यांनी २००० च्या सुमारास शोलेचं मालेगावी रूप केलं. घरगुती कॅमेरा, मागात राबणारी माणसं नट, गावच्या व्हिडिओ पार्लरात खेळ. त्यावर माहितीपट झाला, २०२५ मध्ये मोठा हिंदी चित्रपट आला. त्यांचं कौतुक झालं ते रास्तच होतं, जीव तोडून केलेलं काम आहे. पण त्या चित्रपटांतल्या बायांच्या भूमिकांसाठी नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत. गावातल्या बाईला रस्त्यावर कॅमेऱ्यापुढे उभं राहायची सोय नव्हती.

तिला सोय आहे ती फोनवर, रात्री सगळे निजल्यावर, टोपणनावाने. तेच हिंदी चित्रपट, तीच पात्रं, तेवढीच कारागिरी. चौकात केलं तर ती जिद्द ठरते, उशाशी फोन धरून केलं तर त्याला नाद म्हणतात. गावच असं म्हणतं, मग कंपनी वेगळं का म्हणेल?

अंजनी (एरंडोल)

मला हे थोडं ताणलेलं वाटतं. कंपनी नफा बघते. प्रेमकथांच्या या ढिगाला बाजारात किंमत नाही, त्यात अर्ध्या कथा घरात उघडता न येण्यासारख्या. जाहिरातदार पळतात म्हणून साफसफाई होते. बाई-पुरुष कुठे आला?

तापीकाठ (भुसावळ)

किंमत नाही म्हणता, तर आकडे बघू. ‘फिफ्टी शेड्स’ ही मालिका आधी ट्वायलाइट या कादंबऱ्यांवरची फॅनफिक होती. नावं बदलून पुस्तक झाली आणि २०१४ पर्यंत दहा कोटींच्या वर प्रती खपल्या. २०२१ मध्ये कोरियाच्या नेव्हर कंपनीने वॉटपॅड हे कथांचं ॲप विकत घ्यायला सहाशे दशलक्ष डॉलर मोजायचं ठरवलं. यात मुलींनी फुकट लिहिलेल्या कथांचा केवढा वाटा आहे हे सांगायला नको. किंमत आहे, ती लिहिणारीच्या पदरात पडत नाही इतकंच.

साफसफाईचंही सांगते. मे २००७ च्या अखेरीस लाइव्हजर्नलने एका बाहेरच्या गटाच्या तक्रारीवरून सुमारे पाचशे खाती एका फटक्यात बंद केली. निवड कशी केली? खात्याच्या ‘आवडी’ या रकान्यातले शब्द बघून. त्यात अत्याचारातून सावरणाऱ्यांचे गट गेले आणि एका गाजलेल्या कादंबरीवर चर्चा करणारा गटही गेला. मजकूर उघडून कुणी वाचलाच नव्हता. नंतर कंपनीने माफी मागून बरीच खाती परत उघडली. १७ डिसेंबर २०१८ पासून टंबलर या ब्लॉगच्या साइटने प्रौढ चित्रांवर बंदी घातली, तेव्हा नियमात स्तनाग्रांसाठी ‘स्त्रीचे दिसणारे’ असा शब्दप्रयोग घातला. पुरुषाची चालतील, स्त्रीची नाहीत. अंजनीताई, बाई-पुरुष कुठे आला विचारलंत ना, तो नियमाच्या वाक्यातच छापलेला होता. आणि नफा म्हणाल तर याहूने टंबलर २०१३ मध्ये एक अब्ज दहा कोटी डॉलरला घेतलं होतं. २०१९ मध्ये ते विकलं गेलं तेव्हा किंमत तीस लाखांच्याही खाली होती अशा बातम्या होत्या. घसरणीला कारणं बरीच, पण ज्या लोकांनी ती जागा जिवंत ठेवली त्यांना हाकलून नफा वाढला नाही एवढं नक्की.

‘घरात उघडता न येण्यासारख्या’ या कथांबद्दल एक. सूचना नीट लावलेल्या असतील तर वाचणारी आधीच ठरवू शकते. एओथ्रीवर प्रौढत्वाची पायरी, हिंसा, मृत्यू, बळजबरी यांचे शिक्के कथेच्या डोक्यावर असतात. वर्गवारी करून ठेवणं हे झाडून टाकण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे, आणि ते शेकडो स्वयंसेवक बाया फुकट करतात. कंपनीला ते पगारी माणसं लावून करायला नको असतं, म्हणून ती झाडू उचलते.

अंजनी (एरंडोल)

आवडीचे शब्द बघून खाती बंद केली हे माहीत नव्हतं. मुद्दा मागे घेते. पण मग पैसे देणारी कंपनी आली तर ते चांगलंच ना? ॲमेझॉनने दिले होते म्हणतात.

तापीकाठ (भुसावळ)

हो, ॲमेझॉनचं किंडल वर्ल्ड्स. मे २०१३ मध्ये जाहीर झालं, २०१८ मध्ये बंद. मालकांकडून परवाना घेतलेल्या ठरावीक मालिकांवरच लिहायचं. दहा हजार शब्दांच्या वरच्या कथेला निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्के, पाच ते दहा हजार शब्दांना २० टक्के. दर वाईट नाहीत. अडचण कलमांत होती. कथेचे हक्क कंपनीकडे जात. तुम्ही घडवलेलं नवं पात्र, नवा प्रसंग मूळ मालिकेच्या मालकाने उचलला तर त्याबद्दल वेगळा पैसा नाही. दोन विश्वं एकत्र आणायला मनाई, प्रौढ मजकुराला मनाई. फॅनफिकचा जीव ज्या दोन गोष्टींत आहे, मिसळण आणि जवळीक, त्या दोन्ही काढून उरलेल्याला किंमत लावली. मूळ मालकाच्या चौकटीत राहून लिहिणारी ती स्वस्त मजूर झाली.

यातून धडा घ्यायचा तो वाटा वाचताना. टक्के कशाचे ते आधी बघा. ‘निव्वळ उत्पन्न’ म्हणजे कंपनीने आपले खर्च, कर, सवलती वजा केल्यावर जे उरतं ते. कोणकोणते खर्च वजा होणार याची यादी करारात नसेल तर ३५ टक्के या आकड्याला अर्थ नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

कायद्याची बाजू मी मांडतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, मोठी दुरुस्ती २०१२ ची.

कलम १४ प्रमाणे रूपांतराचा हक्क मूळ मालकाकडे. कलम ५२ मध्ये खासगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना मोकळीक आहे, विडंबनाचं किंवा फॅनफिकचं नाव तिथे नाही. पात्रालाही स्वतंत्र संरक्षण असू शकतं, असं मत २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चुलबुल पांडेच्या प्रकरणात मांडलं आहे. तेव्हा ‘पैसे घेत नाही म्हणजे कायदेशीरच’ हे समजणं चुकीचं. पैसे न घेतल्याने दावा येण्याची शक्यता घटते, एवढंच.

आता लिहिणारीच्या बाजूचं. पात्रं त्यांची असली तरी वाक्यं तुमची आहेत, आणि कंपनीला ती हवी असतील तर कलम १९ पाळावं लागतं. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा, त्यात कथा कोणती, हक्क कोणते, किती काळ, कोणत्या प्रदेशात, मोबदला किती हे हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क वर्षभर वापरले नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. कलम ३० अ मुळे हेच नियम परवान्यालाही जरूर त्या फरकाने लागतात. कंपन्या काय करतात? ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द घालतात. त्या दोन शब्दांनी काळ आणि प्रदेश यांबाबत कायद्याने दिलेलं कवच निघून जातं. म्हणून पहिला वाद याच दोन शब्दांवर घाला.

कलम ५७ मात्र हक्क दिल्यावरही तुमच्याजवळ राहतं. कथेवर तुमचं नाव लावून घेणं, आणि अब्रूला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर दाद मागणं. टोपणनावाने लिहिलेल्या कथेलाही संरक्षण आहे, कलम २३ प्रमाणे प्रकाशनानंतर साठ वर्षं.

कुणाचीच परवानगी नको असेल तर आपल्याच मातीत माल आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं आहे. धरणगावच्या बालकवींचं तर केव्हाच. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी १९५२ मध्ये छापली गेली. मरणोत्तर प्रकाशनाला कलम २४ लागतं, तिथे साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून १९५२ मध्ये छापलेली गाणी १ जानेवारी २०१३ पासून मोकळी. एक जपायचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५७ चा मोडतोडीबद्दलचा दावा कॉपीराइटची मुदत संपल्यावरही टिकतो आणि तो वारसांनाही करता येतो.

केळीचं पान (रावेर)

तुमनं म्हननं खरं शे, दादा. बहिणाबाईंचं नाव काढलंत म्हणून जोडते. लिहिता-वाचता न येणारी आसोद्याची बाई जात्यावर, शेतात गाणी रचते, घरातली माणसं टिपून घेतात. ती असेपर्यंत ते ‘आईचं गुणगुणणं’. ती गेल्यावर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि त्यांनी ते सोनं ओळखलं. आज विद्यापीठाला तिचं नाव आहे. शब्द तेच, १९५१ मध्येही आणि १९५२ मध्येही. मधे फरक पडला तो मान असलेल्या पुरुषाने ‘हे वाङ्मय आहे’ म्हणण्याचा. ओव्यांना मालक नव्हता, एकीची ओळ दुसरी पुढे नेत होती, आणि म्हणूनच त्याला कुणी किंमत लावली नाही. फॅनफिकच्या गटात एक जण सुरुवात देते, दुसरी पुढचा भाग लिहिते, तिसरी चुका काढते. हिशेब न ठेवता दिलेलं काम फुकटच समजायचं, ही सवय कंपन्यांना इंटरनेटने लावलेली नाही.

शिरपूरकर (नंदुरबार)

नेमकं विचारते. स्पर्धेच्या नियमांत लिहिलेलं असतं की ‘सहभागी लेखक कंपनीला जगभर, कायमस्वरूपी, रॉयल्टीमुक्त, परत न घेता येणारा, उपपरवाना देता येण्याजोगा आणि रूपांतर करता येण्याजोगा परवाना देतो’. यातलं काय ॲप चालवायला लागतंच आणि काय नाही? आणि हे फक्त जिंकणाऱ्यांना लागू असतं का?

बोरीकाठ (अमळनेर)

शेवटचं आधी. ‘विजेता’ असा शब्द नसून ‘सहभागी’ असेल तर हरलेल्या प्रत्येकीची कथाही गेली. पाचशे कथा आल्या, तीन बक्षिसं दिली, तर तीन बक्षिसांच्या पैशात पाचशे कथांचे हक्क मिळाले. स्पर्धा हा हक्क गोळा करायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. अशी स्पर्धा असेल तर कलमात ‘फक्त विजेत्या कथांपुरतं’ हे शब्द घालून मागा. देत नसतील तर उतरू नका.

आता एकेक शब्द. जगभर हे ॲपवर वाचायला ठेवण्यापुरतं लागतं, कारण इंटरनेट कुठूनही उघडतं; त्यापलीकडच्या हक्कांना लावलं असेल तर वर म्हटल्याप्रमाणे वाद घाला. रॉयल्टीमुक्त हेही फुकट वाचायला ठेवण्यापुरतं समजण्यासारखं आहे. उपपरवान्याचा, म्हणजे मिळालेला परवाना पुढे तिसऱ्याला देण्याचा, काही भाग लागतो, कारण सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा असतो, पण तो ‘सेवा पुरवणाऱ्यांपुरता’ असा बांधून घ्यायचा. कायमस्वरूपी आणि परत न घेता येणारा, हे लागत नाही. ‘कथा काढून टाकल्यापासून तीस दिवसांत परवाना संपेल, बॅकअपमधल्या प्रती वगळून’ एवढं पुरतं. रूपांतर करता येण्याजोगा, हा कळीचा शब्द. स्क्रीनच्या मापाने मजकूर बसवणं यापुरता असेल तर ठीक, मोघम असेल तर त्यात ध्वनिकथा, वेबमालिका, अनुवाद सगळं आलं. प्रत्येकासाठी वेगळा लेखी करार, हेच उत्तर.

आणि ‘दावा आल्यास लेखक कंपनीची भरपाई करेल’ हे कलम शोधाच. फॅनलिबमध्ये तेच होतं. फॅनफिक मागवणाऱ्या कंपनीला मूळ मालिका दुसऱ्याची आहे हे माहीत असतं. माहीत असून जोखीम लिहिणारीवर टाकायची हे मान्य करू नका. लिहा: ‘स्पर्धेचा विषय कंपनीने दिला असल्याने मूळ कृतीच्या हक्कांबाबतची जबाबदारी कंपनीची राहील.’

ही सगळी मागणी एकेकीने न करता गटाने एका ईमेलने करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मागा. फोनवर ‘अहो, तसं काही करत नाही आम्ही’ असं सांगितलं जातं, त्याला कराराचं वजन नाही.

तापीकाठ (भुसावळ)

नावाचा मुद्दा राहिला, आणि बायांसाठी तो पहिला. पैसे द्यायचे तर कंपनीला पॅन आणि बँक खातं लागतं, तिथे खरं नाव आलंच. कर कापायची वेळ आली आणि पॅन दिलेला नसेल तर किमान २० टक्के कापला जातो, तेव्हा पॅन लपवण्यात अर्थ नाही. पण हिशेबातलं नाव आणि कथेवरचं नाव वेगळं राहील, विजेत्यांची यादी टोपणनावानेच छापली जाईल, फोटो आणि गाव सक्तीचं नसेल, हे आधी लिहून घ्या. बक्षीस समारंभाचा फोटो वापरायची परवानगी नियमांत दडलेली असते. लहान गावात एका फोटोने कितीजणींचं लिहिणं थांबेल हे कंपनीच्या माणसाला सुचत नाही, कारण त्याला स्वतःला तसं लपावं लागलेलं नसतं.

गट चालवणारीनेही बघावं. साध्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. कम्युनिटीच्या घोषणा-गटात तो ॲडमिनला आणि ज्यांनी तो आधीच सेव्ह केला आहे त्यांनाच दिसतो.

पांझरा (धुळे)

जतन करण्याचं मी सांगतो. वरची बरीच ठिकाणं बंद झाली किंवा झाडली गेली, आणि प्रत्येक वेळी कथा त्यांच्याच गेल्या ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती.

एओथ्रीवरून कथा उतरवताना ईपब किंवा एचटीएमएल घ्या. पीडीएफ वाचायला बरं, पण त्यातून देवनागरी कॉपी केली की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या जागा सोडतात, मग सगळी कथा पुन्हा टाइप करायची वेळ येते. फेसबुकवरची माहिती उतरवताना जेसन हा पर्याय घेऊ नका, एचटीएमएल घ्या. फेसबुकच्या जेसनमध्ये मराठी अक्षरं चुकीच्या सांकेतिक रूपात उतरतात आणि नुसता कचरा दिसतो. तो परत मिळवता येतो, पण त्याला थोडं प्रोग्रामिंग लागतं. व्हॉट्सॲप गटातल्या कथा ‘एक्स्पोर्ट चॅट’ने काढाल तर फोटोंशिवाय शेवटचे ४० हजार संदेश येतात, फोटोंसकट १० हजारच. बोलक्या गटात हा आकडा लवकर भरतो, म्हणून तिमाहीला एकदा काढा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली आधी युनिकोडमध्ये आणा, तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्या वाचता येत नाहीत. शेवटी प्रत्येक कथेची एक साधी मजकुराची फाइल, यूटीएफ-८ मध्ये, दोन वेगळ्या ठिकाणी. फाइलीच्या नावात टोपणनाव आणि तारीख घाला.

स्वतः लिहिलेली कथा घरच्यांच्या नजरेला पडेल म्हणून काढून टाकायची असेल तर एओथ्रीवर ‘ऑर्फन’ करायची सोय आहे. नाव निघतं, कथा आणि वाचकांचे अभिप्राय राहतात. मात्र एकदा केलं की परत आपल्या नावावर घेता येत नाही. कथेच्या खाली-वर स्वतः लिहिलेल्या टिपांत नाव असेल तर ते आधी हाताने काढा.

शिरपूरकर (नंदुरबार)

आणि एआयला शिकवायला कथा घेतात त्याचं? नियमांत तो शब्द नसतो.

गिरणाकाठ (जळगाव)

शब्द नसतो, ‘सेवा सुधारण्यासाठी विश्लेषण’ असं असतं. २०२५ च्या वसंतात एओथ्रीवरच्या सुमारे १ कोटी २६ लाख कथा कुणी एकाने खरवडून हगिंग फेस या एआयच्या साइटवर प्रशिक्षणाचा डेटासंच म्हणून चढवल्या होत्या, एओथ्रीच्या संस्थेने कायदेशीर नोटीस देऊन त्या काढायला लावल्या. त्यात सापडल्या त्या सर्वांना उघड्या असलेल्या कथा. नोंदणी केलेल्या वाचकांपुरती कुलूपबंद ठेवलेली कथा खरवडणं अवघड जातं. त्यासाठी कथेच्या ‘एडिट’मध्ये प्रायव्हसीच्या भागात फक्त नोंदणीकृत वाचकांना दाखवण्याची खूण आहे. बऱ्याच कथा असतील तर ‘एडिट वर्क्स’मधून सगळ्यांना एकदम लागते. वाचक घटतात, कारण खातं नसलेल्यांना कथा दिसत नाही, तेवढा तोटा धरून चाला.

कंपनीच्या ईमेलमध्ये एक वाक्य वाढवा: ‘कथेचा उपयोग कोणत्याही यंत्रप्रणालीच्या प्रशिक्षणासाठी, कंपनीने किंवा तिच्या भागीदाराने, वेगळ्या लेखी परवानगीशिवाय करू नये.’ ‘भागीदाराने’ हा शब्द गाळू नका. बोरीकाठ, तुमची सगळी वाक्यं एका पानावर आणून इथेच खाली डकवाल का? गटांना तसंच्या तसं उचलता येईल.

बोरीकाठ (अमळनेर)

आज रात्री डकवतो. मजकूर साधा ठेवतो, फाइल जोडत नाही, म्हणजे फोनवरूनही कॉपी करता येईल. वर तारीख, गटाचं नाव आणि कोणत्या तारखेचे नियम वाचून लिहिलं आहे ती जागा मोकळी सोडतो. ती जागा भराच आणि त्या दिवशीच्या नियमांच्या पानाची प्रत काढून ठेवा, कारण ही पानं न कळवता बदलली जातात.